रावबहादूर सीताराम केशव बोले आणि ‘सार्वजनिक’ या शब्दाची व्याप्ती

रावबहादूर सीताराम केशव बोले यांचे नाव आज बहुधा एका ठरावाच्या नावापुरतेच उरले आहे. ‘बोले ठराव’ हा शब्दप्रयोग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहुतेक चरित्रांत आढळतो. महाडच्या चवदार तळ्याची हकीकत सांगणारा लेखक या ठरावाचा एका वाक्यात उल्लेख करतो आणि लगेच तळ्याच्या काठाशी जाऊन पोहोचतो. त्यामुळे ठराव कोणी मांडला, त्या गृहस्थाचे पूर्वायुष्य कशात गेले होते, ठरावाची नेमकी शब्दयोजना काय होती आणि त्या शब्दांचे पुढे काय झाले, हे प्रश्न बाजूलाच राहतात. प्रस्तुत लेखक इतिहासाचा व्यवसायी अभ्यासक नव्हे. त्याचा विषय भाषा हा आहे. परंतु कायदेमंडळातील ठराव ही शब्दांनीच घडलेली वस्तू असल्याने तिच्याकडे भाषेच्या अभ्यासकाने पाहिले तर ती आगळीक ठरू नये.

बोले यांच्या सार्वजनिक जीवनातील एका छोट्या प्रसंगापासून आरंभ करणे सोयीचे आहे. १९०७ साली भीमराव आंबेडकर हे एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हा त्यांच्या अभिनंदनासाठी मुंबईत एक सभा भरविण्यात आली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या विद्यार्थ्याला भेट दिले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या सभेचे अध्यक्ष बोले होते, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात राहत नाही. सोळा वर्षांनी ज्याने विधिमंडळात पाणवठ्यांचा ठराव मांडला आणि वीस वर्षांनी ज्याने त्या ठरावाच्या आधारे पाणवठ्यावर पाऊल टाकले, ते दोघे त्या दिवशी एकाच व्यासपीठावर होते. दोन्ही घटनांमध्ये कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह टाळलेलाच बरा. तथापि बोले हे अस्पृश्योद्धाराच्या प्रश्नाकडे कौन्सिलात शिरल्यावर वळले नाहीत, कौन्सिल आकाराला येण्यापूर्वीच ते त्या वर्तुळात होते, एवढे या प्रसंगावरून निःसंशय ठरते.

बोले यांचा जन्म भंडारी समाजातला. हा समाज कोकणपट्टीचा आणि मुंबई बेटाच्या जुन्या रहिवाशांपैकी एक. माड आणि ताड यांच्यापासून माडी, ताडी काढणे हा त्याचा परंपरागत व्यवसाय. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने झाडांवरील कराची आकारणी अशी वाढवली, की या व्यवसायावर जगणारी कुटुंबे हवालदिल झाली. सरकारने केलेल्या कायद्याचा एखादा शब्द माडाच्या शेंड्यावर चढणाऱ्या माणसाच्या पोटापर्यंत कसा येऊन पोहोचतो, याचा धडा या समाजाला पुस्तकातून घ्यावा लागला नाही. अर्ज, निवेदने, शिष्टमंडळे या मार्गांवरचा बोले यांचा पुढील काळातील विश्वास पाहिला, तर या पार्श्वभूमीचा विचार केल्यावाचून राहवत नाही.

त्यांच्या कार्याचा पहिला मोठा टप्पा म्हणजे १९०९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेली कामगार हितवर्धक सभा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांच्या मागण्या मांडण्यास प्रारंभ केला होता. रविवारची साप्ताहिक सुटी १८९० साली पदरात पडली. परंतु १८९७ मध्ये लोखंडे निवर्तले आणि त्या चळवळीचा धागा तुटल्यासारखा झाला. तो पुन्हा हाती घेण्याचे काम ज्यांनी केले त्यांत बोले प्रमुख होते. सभेच्या नावाकडे थोडे लक्ष द्यावे. ‘कामगार’ हा शब्द येथे संस्थेच्या नावात ठळकपणे आला आहे. पण ‘हितवर्धक’ या विशेषणात हित वाढविणारा आणि ज्याचे हित वाढवावयाचे तो, हे दोन निरनिराळे गृहीत धरलेले आहेत. सभेचे कार्यही त्या नावाला धरूनच होते. मालक व मजूर यांच्यातील तंटे सामोपचाराने मिटविणे, मजुरांत शिक्षणाचा प्रसार करणे, त्यांची गाऱ्हाणी सरकारच्या कानी घालणे, असे तिचे स्वरूप. कामाचे तास कमी करावेत व अपघातात जायबंदी झालेल्यांना भरपाई मिळावी, अशा मागण्यांचे निवेदन सभेने १९११ साली सरकारकडे पाठवले. त्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाला दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. भरपाईचा कायदा होण्यास मात्र १९२३ साल उजाडावे लागले.

१९२० नंतर गिरणगावात संपांचे आणि युनियनचे युग सुरू झाले. ‘हितवर्धक’ ही भाषा त्या युगाला मानवणारी नव्हती. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी कामगारांच्या सभांतून जी मराठी ऐकू येत होती, ती बोले यांच्या पिढीच्या मराठीहून सर्वस्वी निराळी होती. म्हणून त्या पिढीला केवळ अर्जविनंत्या करणारी म्हणून हिणवण्याची रीत पडली आहे. ती प्रस्तुत लेखकाला न्याय्य वाटत नाही. भरपाईची मागणी कायद्यात येण्यापूर्वी बारा वर्षे ती कागदावर नेमक्या शब्दांत कोणी तरी मांडून ठेवली होती, हे काम लहान नव्हे.

१९१९ च्या सुधारणा कायद्यानुसार मुंबई इलाख्यात जे कायदे कौन्सिल अस्तित्वात आले, त्यात प्रथमच लोकनियुक्त सभासदांचे बहुमत होते. ‘मराठे व तत्सम जाती’ यांच्यासाठी सात जागा राखून ठेवण्यात आल्या होत्या. (भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला ‘तत्सम’ हा शब्द वेगळ्याच संदर्भात परिचित असल्याने त्याची येथे किंचित करमणूक होते. ‘तत्सम’ आणि ‘तद्भव’ यांची सीमारेषा शब्दांच्या बाबतीतसुद्धा आम्हांला नीट आखता येत नाही. ती जातींच्या बाबतीत सरकारने नियमात आखली.) द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण, वैद्यक, स्थानिक स्वराज्य ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे सोपविण्यात आली, न्याय, जमीनमहसूल यांसारखी खाती राखीव म्हणून गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडेच राहिली. सभासदाला खाजगी रीतीने ठराव मांडता येत असे. पण ठराव मंजूर झाला तरी तो सरकारला केलेली शिफारस एवढ्याच योग्यतेचा राही. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांचा ठराव कौन्सिलने संमत केला. मूळ इंग्रजी ठरावाचा मराठी आशय असा : सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालविलेले, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण झालेल्या मंडळांच्या व्यवस्थेखालील सर्व सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा यांचा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा वापर अस्पृश्य वर्गांस करू द्यावा, अशी परिषद शिफारस करते.

या एका वाक्याची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. पहिली गोष्ट म्हणजे वर्गाचे नाव. त्या काळी सरकारी इंग्रजीत ‘दलित वर्ग’ या अर्थाची सौम्य संज्ञा रूढ होती. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या १९०६ च्या मिशनने मराठीत ‘निराश्रित’ हा शब्द स्वीकारला होता. जोतीराव फुले ‘अतिशूद्र’ म्हणत. पुढे १९२४ साली डॉ. आंबेडकरांनी आपल्या सभेच्या नावात ‘बहिष्कृत’ हा शब्द योजला. यांपैकी प्रत्येक शब्द त्या समाजाच्या स्थितीचे एकेक निदान सांगतो : कोणाच्या मते त्याला आश्रय नाही, कोणाच्या मते त्याला कोणी तरी बाहेर काढले आहे. बोले यांच्या ठरावातील शब्द या सर्वांहून रोखठोक आहे. पाण्याचा प्रश्न हा स्पर्शाचा प्रश्न होता. म्हणून ज्या कारणाने पाणी नाकारले जात होते, त्याच कारणाचे नाव ठरावात घालण्यात आले.

दुसरी गोष्ट क्रियापदाची. ‘वापर करू द्यावा’ या रचनेत देणारा कोणी तरी अध्याहृत असतो. मूळ इंग्रजी वाक्य कर्मणी असल्यामुळे तो देणारा वाक्यात कोठेच दिसत नाही : सरकार, नगरपालिका, की पाणवठ्यावर आधीच उभे असलेले इतर लोक? १९१९ साली कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी शाळा, दवाखाने, पाणवठे यांविषयी जे आदेश काढले, त्यांत ही अडचण नव्हती. तेथे आज्ञा करणारा एक होता आणि ती पाळणारे त्याचे नोकर होते. कौन्सिलच्या सभासदापाशी आज्ञार्थ नव्हता. त्याला विध्यर्थावरच भागवावे लागले.

तिसरी, आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ‘सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालविलेले’ हे विशेषणवाक्य. त्याला मोठी परंपरा आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या एका महार मुलाचा अर्ज मुंबई सरकारने फेटाळला. एका व्यक्तीसाठी इतरांना शाळेबाहेर घालविणे योग्य नाही, असा तेव्हाचा युक्तिवाद होता. त्यावर वरिष्ठांकडून टीका झाली आणि १८५८ मध्ये सरकारने असे तत्त्व जाहीर केले, की केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांच्या प्रजाजनांना भेदभावाविना खुल्या राहतील. ‘केवळ’ हा शब्द तेथे पहारेकऱ्यासारखा उभा आहे. गावाने चार आणे घातले की शाळा ‘केवळ सरकारी खर्चाची’ उरत नाही आणि तत्त्व दाराबाहेरच थांबते. बोले यांच्या ठरावात ‘केवळ’ नाही. ‘सरकारी खर्च’ जाऊन तेथे ‘सार्वजनिक पैसा’ आला, आणि तेवढ्याने न भागवता ‘किंवा’ घालून व्यवस्थेचा दुसरा निकष जोडण्यात आला. विहीर कोणी खणली हे ठाऊक नसले तरी ती आज नगरपालिकेच्या ताब्यात असेल तर पुरे. पासष्ट वर्षांत वाक्य एवढे पुढे सरकले होते. शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांची यादी ‘तसेच’ने जोडलेली असल्याने खर्चाची अट त्यांना लागू आहे की नाही, हे मूळ वाक्यरचनेत संदिग्ध राहते. आमच्या मते ती लागू नाही. पण यावर वाद घालणारा वकील मिळू शकेल. या एका यादीत सोपीव आणि राखीव अशा दोन्ही प्रकारच्या खात्यांचे विषय एकत्र बांधले गेले आहेत, हेही नजरेआड करू नये. विहीर आणि दवाखाना मंत्र्याचा, कोर्ट गव्हर्नरचे. सरकारच्या दोन्ही अंगांना एकाच वेळी उत्तर देणे भाग पडावे, अशी ती मांडणी झाली आहे.

सरकारने ११ सप्टेंबर १९२३ रोजी या ठरावाच्या अनुरोधाने आदेश काढला. त्याची भाषा म्हणजे शासकीय गद्याचा एक अभ्यसनीय नमुना होय. सरकारच्या मालकीच्या व सरकार चालवीत असलेल्या जागांपुरता ठराव अमलात आणावा, असे खातेप्रमुखांस सांगण्यात आले. येथवर सर्व स्पष्ट आहे. परंतु नगरपालिका आणि लोकल बोर्डे यांच्यासंबंधी काय? जिल्हाधिकाऱ्यांस अशी विनंती करण्यात आली, की त्यांनी आपापल्या हद्दीतील संस्थांस असा सल्ला द्यावा, की त्यांनी ठरावातील शिफारस स्वीकारण्याच्या इष्टतेचा विचार करावा. विनंती, सल्ला, विचार, इष्टता, स्वीकार, शिफारस : कौन्सिलच्या सभागृहापासून विहिरीच्या काठापर्यंत सहा शब्दांची उतरंड लावून ठेवलेली आहे. यांतील एकही शब्द नकारार्थी नाही. तरीही वाक्य संपेपर्यंत ठरावातले पाणी आटून जाते. इलाख्यातील बहुतेक विहिरी सरकारच्या नव्हत्या, त्या याच स्थानिक संस्थांच्या होत्या, हे सांगावयास नकोच.

कुलाबा जिल्ह्यातील महाडच्या नगरपालिकेने मात्र इष्टतेचा विचार करून जानेवारी १९२४ मध्ये आपले तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. तळे खुले झाले ते कागदावर. तीन वर्षांत त्या तळ्यावर अस्पृश्य मनुष्य पाण्याला गेला नाही. इतरत्रही स्थिती याहून बरी नव्हती, आणि ती बोले यांच्या ध्यानात आली होती. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी कौन्सिलात पुन्हा ठराव मांडला : ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे मूळ ठराव अमलात आणण्याचे नाकारतील, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. पहिल्या ठरावातील ‘सार्वजनिक पैसा’ या शब्दांत जे तर्काने अभिप्रेत होते, ते दुसऱ्या ठरावात उघड झाले. पैसा सर्वांचा असेल तर तो अडविण्याचा अधिकारही सर्वांच्या वतीने वापरता आला पाहिजे. बोले यांच्या संसदीय बुद्धीचा कस पहिल्यापेक्षा या दुसऱ्या ठरावात अधिक दिसतो, असे आम्हांस वाटते. प्रसिद्धी मात्र पहिल्याच्या वाट्याला आली.

येथे ‘सार्वजनिक’ या शब्दाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठीत हा शब्द नव्या तऱ्हेच्या सामाजिक व्यवहाराचा निदर्शक म्हणून रुजला. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा निघाली. फुल्यांच्या अखेरच्या ग्रंथाच्या नावात, म्हणजे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ यात, तोच शब्द आहे. शतकाच्या शेवटच्या दशकात गणेशोत्सव सार्वजनिक झाला. सभेतील ‘सर्व’ आणि सत्यधर्मातील ‘सर्व’ यांची व्याप्ती सारखी नव्हती. परंतु गावच्या बोलीत या शब्दाला जागाच नव्हती. तेथे पाणवठा ओळखला जाई तो त्यावर भरणाऱ्या लोकांवरून : अमक्या आळीची विहीर, तमक्या वाड्याचा पाणवठा. आणि जी सर्वांची, ती ‘गावविहीर’. आता ‘गाव’ हा शब्द पाहा. कोकणातील बोलींचे नमुने टिपताना प्रस्तुत लेखकाने गावकुसाबाहेरच्या वस्तीतील वृद्ध स्त्रीच्या तोंडून ‘मी जरा गावात जाऊन येते’ हे वाक्य ऐकले आहे. तिची वस्ती महसुली कागदावर त्याच गावात होती. पण तिच्या भाषेत ती वस्ती गावाच्या बाहेर होती, आणि म्हणून गावविहीरही तिची नव्हती. ‘गावविहीर’ या शब्दातच मनाई मुरलेली होती. ती वेगळी उच्चारण्याची कोणाला गरज पडत नसे. कौन्सिलच्या ठरावाने ‘गावची’ या जुन्या शब्दाच्या जागी ‘सार्वजनिक’ हा शब्द आणून बसविला. शब्द बदलल्याने विहीर बदलत नाही हे खरे. परंतु आजवर जी मनाई न बोलता चालत होती ती आता बोलून दाखवावी लागणार होती, कोर्टात सिद्ध करावी लागणार होती. आणि तेथेच तिची कसोटी लागली.

१८ फेब्रुवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी नियुक्त सभासद म्हणून कौन्सिलात शपथ घेतली. त्यानंतर महिनाभराने, १९ व २० मार्च रोजी महाडला परिषद भरली आणि २० तारखेला चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले. त्यानंतरचा दंगा, तळ्याची शुद्धी, हा इतिहास परिचित आहे. कमी परिचित आहे ती एक तारीख. महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव ४ ऑगस्ट १९२७ रोजी रद्द केला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती. हा योगायोगच असणार. ठराव फिरविणाऱ्यांनी मूळ तारीख पाहून दिवस निवडला असे मानण्यास आधार नाही. परंतु शिफारस स्वीकारणे ज्याच्या इच्छेवर सोपविले असेल, त्याला ती परत करण्याचीही मोकळीक असते, हे त्या दिवशी दिसून आले.

मग भाषेने आणखी एक वळण घेतले. डिसेंबर १९२७ मध्ये स्पृश्य वादींनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. त्यात त्यांनी तळ्याला ‘चौधरी तळे’ म्हटले आणि ते खाजगी मालकीचे असल्याचे प्रतिपादन केले. १४ डिसेंबर रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळाला, आणि त्यामुळे त्या महिनाअखेरच्या परिषदेत सत्याग्रह तहकूब करणे डॉ. आंबेडकरांना भाग पडले. चवदार तळे आणि चौधरी तळे : पहिल्या नावात पाण्याची चव आहे, दुसऱ्यात मालकाचे नाव. तळे सार्वजनिक आहे म्हणून ठरावाच्या कक्षेत येते. ते सार्वजनिकच नसेल तर ठराव, आदेश, नगरपालिका सारेच गैरलागू होते. बोले यांच्या वाक्यातील सर्वांत भक्कम समजला गेलेला शब्दच वादींनी अशा रीतीने हल्ल्यासाठी निवडला.

हा दावा जवळजवळ दहा वर्षे चालला. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाचा निकाल प्रतिवादींच्या बाजूने लागला. ठाण्याच्या अपिलात १९३३ साली तो कायम झाला. आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व वाडिया यांनी वादींचे अपील फेटाळले. तळ्यावर वादींची मालकी ठरली नाही. ते नगरपालिकेकडे असलेले तळे होते. उरला तो वहिवाटीचा मुद्दा. अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट पूर्वापार, म्हणजे स्मरणातीत काळापासून चालत आली आहे, असे वादींचे म्हणणे होते. न्यायालयाला तेवढे प्राचीनत्व शाबीत झालेले दिसले नाही. ते शाबीत झाले असते तर अशी वहिवाट वाजवी आहे काय, सार्वजनिक धोरणाशी विसंगत आहे काय, या प्रश्नात शिरावे लागले असते. ती वेळ आली नाही. म्हणजे तत्त्वाचा निर्णय झाला नाही, पुराव्याचा झाला. ‘पूर्वापार’ हा शब्द आपण बोलताना किती सहज वापरतो! न्यायालयाने विचारले : पूर्वापार म्हणजे केव्हापासून? त्या प्रश्नाला उत्तर नव्हते.

कौन्सिलात १९२३ ते १९२६ या काळात बोले काय करू पाहत होते, हे समजण्यासाठी त्यांच्या आणखी एका कामाकडे पाहावे लागते. ते म्हणजे जोशी विधेयक. ग्रामजोशी हा वतनदार. यजमानाने लग्नकार्य दुसऱ्या पुरोहिताकडून करवून घेतले, किंवा सत्यशोधक पद्धतीने पुरोहितावाचूनच उरकले, तरी जोशाला आपल्या वतनी हक्काची दक्षिणा मागता येई, आणि एकोणिसाव्या शतकात न्यायालयांनी असे दावे मान्य केल्याची उदाहरणे आहेत. सत्यशोधक समाजाच्या आरंभापासून हा तंटा गावोगाव धुमसत होता. ‘दक्षिणा’ हा शब्द मूळचा दानाचा. वतनाच्या कायद्यात त्याचे देणे झाले आणि फिर्यादीत वसुली झाली. बोले यांच्या प्रयत्नाने १९२६ साली झालेल्या कायद्याने न केलेल्या सेवेचे वेतन मागण्याचा हा हक्क रद्द ठरविला. कौन्सिलात ज्यांनी याला विरोध केला त्यांना हा धर्मावरचा घाला वाटला. वस्तुतः कायद्याने कोणत्याही विधीला हात लावला नव्हता. ज्याला जोशी हवा त्याने त्याला बोलवावे. ज्याने बोलावले नाही त्याला बिल पाठवू नये, एवढेच त्याचे सार.

ठराव आणि हा कायदा शेजारी ठेवून पाहिले म्हणजे दोहोंतील फरक डोळ्यांत भरतो. जोशी कायदा एक वाईट हक्क काढून घेतो. त्यासाठी कोणी कोठे जाऊन काही करण्याची आवश्यकता नाही, न्यायालयाने दावा फेटाळला की काम झाले. पाणवठ्याचा ठराव एक न्याय्य वापर सुरू करू पाहतो. त्यासाठी कोणाला तरी घागर घेऊन जावे लागते आणि तिचे जे काय होईल ते सोसावे लागते. पहिले काम विधिमंडळात बसून पुरे होते. दुसरे होत नाही. बोले यांना हे कळले नव्हते असे समजण्याचे कारण नाही. १९२६ च्याच दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांनाही पूजेचा अधिकार असला पाहिजे, असा आग्रह प्रबोधनकार ठाकरे आदी मंडळींनी धरला आणि प्रकरण हातघाईवर आले, तेव्हा डॉ. आंबेडकरांसमवेत रावबहादूर बोलेही तेथे होते. उत्सवाला सार्वजनिक म्हणता, वर्गणी सर्वांकडून घेता, मग मूर्तीपाशी ‘सर्व’ कोठे जातात, हा तेथील सवाल होता. विहिरीच्या ठरावातला सवाल तोच होता. फक्त सभागृहाच्या जागी मांडव होता.

या वाक्याचा प्रवास येथे संपला नाही. १९४६ च्या मुंबई हरिजन सामाजिक निर्बंध निवारण कायद्याने शिफारशीची जागा दंडनीय मनाईने घेतली. आणि १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते व सार्वजनिक उपयोगाच्या जागा यांविषयी जे कलम आहे, त्यात दोन निकष दिले आहेत : ज्या पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून राखलेल्या आहेत त्या, किंवा ज्या सर्वसाधारण जनतेच्या उपयोगासाठी समर्पित केल्या आहेत त्या. १८५८ चे ‘केवळ’ येथे ‘पूर्णतः किंवा अंशतः’ असे होऊन उलटले आहे. १९२३ च्या ‘बांधलेले व चालविलेले’ यातील ‘व’ हा एक धोका होता : बांधले एकाने, चालविले दुसऱ्याने, तर काय? घटनेने बांधण्याचा मुद्दाच गाळून टाकला. ‘चौधरी तळे’ म्हणून मालकीचा जो युक्तिवाद दहा वर्षे लढविला गेला, त्याला ‘समर्पित’ या शब्दाने उत्तर मिळाले. कारण मूळ मालक खाजगी असला तरी समर्पणानंतर त्याचा वगळण्याचा हक्क उरत नाही. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष हे चवदार तळ्याच्या दाव्यातील पहिले प्रतिवादी होते. बोले यांच्या वाक्यात कोठे कोठे फट होती, हे त्यांच्याइतके अनुभवाने दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

मुंबईत दादरच्या पोर्तुगीज चर्चकडून प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाकडे जाणाऱ्या रस्त्याला बोले यांचे नाव दिलेले आहे. मंदिराचा टपालाचा पत्ताच त्या रस्त्याचा असल्यामुळे त्यांचे नाव महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून लिहिले जाते. लोक त्याला ‘एस. के. बोले रोड’ म्हणतात. आद्याक्षरे इंग्रजी वळणाची आहेत. त्यांमागचे सीताराम केशव कोण, असे प्रस्तुत लेखकाने त्या रस्त्यावरील दोघा-तिघा फुलवाल्यांना एकदा विचारून पाहिले. एकाने ते जुन्या काळचे मोठे डॉक्टर असावेत असे सांगितले. दुसरा म्हणाला, नगरसेवक असतील.